अण्णांना बीसीजी द्यावं की काका म्हणतात ते 'जिवाणूचं प्रोटीन'? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय.

अण्णा ६८ वर्षांचे. पूर्व भागात चादरीच्या सुताच्या डाइंगमध्ये हयात गेली, शिवाय बिडी होतीच. लघवीतून रक्त गेलं म्हणून सोनोग्राफी केली तर मूत्राशयात गाठ. दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट हाय ग्रेड टी-१ कॅन्सर, म्हणजे जोरात वाढणारा, पण गाठ स्नायूपर्यंत गेलेली नाही. आता युरोलॉजिस्ट बीसीजी (टीबीच्या लसीतला तोच जिवंत, कमकुवत केलेला जंतू) द्यायचं म्हणतात: दर आठवड्याला एक असे सहा डोस, नळीने थेट मूत्राशयात, दोन तास लघवी धरायची. नंतर मेंटेनन्स, म्हणजे अधूनमधून पुढचे डोस.

धाकटे काका अडून बसलेत. जिवंत जंतू कशाला घालायचे, नुसतं प्रोटीन टोचून घेऊ म्हणतात, आणि अझुरिनचे व्हिडिओ पाठवतात. मी शोधून वाचलं. अझुरिन हे स्युडोमोनास जंतूचं प्रोटीन. त्याचा पी-२८ हा तुकडा माणसांना दिला गेलाय, पण पहिल्या टप्प्याच्या छोट्या चाचण्यांतच. जंतूच नाही तर संसर्गही नाही, हे काकांचं म्हणणं मला पटतं. पण प्रोटीन म्हणजे निर्धोक असंही नाही ना! घटसर्पाच्या विषापासून केलेलं डेनिल्यूकिन डिफ्टिटॉक्स लिम्फोमा कॅन्सरच्या एका प्रकारावर देतात. त्याने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी कोसळू शकतं, तसा ठळक इशाराच औषधावर असतो. उलट मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजीचे पहिले निकाल डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली छापले. जळजळ, ताप, रक्त हे त्रास डॉक्टरांच्या ओळखीचे आहेत, आणि क्वचित जंतू अंगात पसरलाच तर टीबीची औषधं आहेत. माझा कल बीसीजीकडेच आहे. काकांनी सीटीआरआयवर (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद असलेली, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठीची चाचणी दाखवली तर मी जरूर ऐकेन. पैसे भरून कुठल्या तरी दवाखान्यात टोचून घ्यायला माझी तयारी नाही.

आता ज्यांनी घरी हे केलंय त्यांना विचारते. अण्णांना तिशीत टीबी होऊन गेलाय, औषधांचा कोर्स पूर्ण केला होता. असं असताना कुणाला बीसीजी दिलंय का? आधी कुठल्या तपासण्या करून घेतल्या?

दुसरं, संडासाचं. डोसानंतर सहा तास लघवी बसून करायची, दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचं. आमचा संडास दोन बिऱ्हाडांत सामाईक, शेजारच्या वहिनींचं बाळ रांगतंय. त्यांना काय सांगितलंत, कसं निभावलंत?

आणि ताप किती चढला, किती वेळ राहिला की रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठायचं? पहिला डोस सोमवारी आहे.