पंपहाऊसचा पीसी नेटला जोडलेला नाही, तरी व्हायरस आला. आता काय करू?

रातपाळी_ऑपरेटर यांचा प्रश्न:

उत्तर गोव्यातल्या एका पाणी शुद्धीकरण केंद्रावर मी कंत्राटी ऑपरेटर आहे. कुठल्या ते विचारू नका. कंट्रोल रूममध्ये विंडोज ७ चा पीसी आहे, त्यावर स्काडा (प्लांट पडद्यावरून बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) चालतो. कच्च्या पाण्याचे पंप, तुरटीचं डोसिंग, क्लोरीन, टाक्यांच्या पातळ्या, सगळं एकाच स्क्रीनवर.

चवथीच्या आधी वेंडरचा इंजिनीयर आला, आपला पेनड्राइव्ह लावला, रिपोर्ट छापला जात नव्हता तो फॉल्ट काढला आणि गेला. तेव्हापासून या पीसीला कुठलाही पेनड्राइव्ह लावा, आतले फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडते न उघडते तोच मिटते. महिन्याचा रिपोर्ट आम्ही पेनड्राइव्हवरच ऑफिसला नेतो, तेव्हा तिथेही हे पोचलं असणारच.

पात्रांव (आमचे साहेब) म्हणतात, "इंटरनेट नाही ना? पंप चालतात ना? मग राहू दे." पंप चालतात हे खरं. पण क्लोरीनचा सेटपॉइंट, म्हणजे किती सोडायचं तो आकडा, याच पीसीवरून खाली पीएलसीला, म्हणजे पंप प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंट्रोलरला, जातो. असला व्हायरस पंपापर्यंत पोचू शकतो का? फॉरमॅट मारू का?

पर्वरी_आयटी:

विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच बंद केला. नवीन विंडोज टाका, चांगला अँटिव्हायरस घ्या, फुल स्कॅन लावा. दोन तासांचं काम आहे.

जुना_फिटर_फोंडा:

वरच्या आयटीवाल्या बाबाचं आज तरी ऐकू नकोस. त्याचं ऑफिसच्या पीसीसाठी बरोबर आहे. पण चालू प्लांटवर फुल स्कॅन लावलास तर मशीन गोगलगायीसारखी चालेल, आणि अँटिव्हायरसने स्काडाचीच एखादी फाइल संशयावरून उचलून बाजूला टाकली तर रात्री तीनला पडदा काळा. नवीन विंडोजवर तो जुना स्काडा चढेलच असं नाही, त्याचं लायसन्स डोंगल ओळखलं जाईलच असंही नाही. फॉरमॅट तर मुळीच मारू नकोस. आधी हार्डडिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्यायची, मग पुढचं.

मी खाणी बंद पडेपर्यंत बेनिफिसिएशन प्लांटवर (खनिज धुऊन साफ करतात तिथे) इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, म्हणून हे 'इंटरनेट नाही' प्रकरण चांगलं ठाऊक आहे. वेंडरचा लॅपटॉप आज वेर्ण्याला, उद्या कुंडईला, परवा तुझ्याकडे. तुझं इंटरनेट म्हणजे तो लॅपटॉप. आणि रात्रपाळीला मॅच बघायला कोणी फोर-जी डोंगल लावत नाही, याची शपथ घेशील का? (उत्तर इथे लिहू नकोस.)

तुझा शॉर्टकटवाला व्हायरस बहुधा भुरटा आहे, सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांत असायचा तोच. त्याला पंप म्हणजे काय तेही कळत नाही. पण त्याच वाटेने शहाणा व्हायरसही येतो. जून २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट फाइलींमधूनच पसरत होता. त्यात क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं, फोल्डर उघडून आयकॉन दिसला की काम झालं. इराणच्या नतांझमध्ये युरेनियमची सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात फिरणारी यंत्रं, चालत होती, तिथलं नेटवर्कही इंटरनेटला जोडलेलं नव्हतं, तरी तो तिथे पोचला. सिमॅन्टेक या अँटिव्हायरस कंपनीने तेव्हा मोजणी केली होती, तिच्यात लागण झालेल्या मशिनींमध्ये इराण, इंडोनेशिया आणि मग आपणच, तिसरा नंबर. आपल्याकडे तो गप्प बसला, कारण त्याला हवी ती यंत्रणा इथे सापडली नाही.

त्याने केलं काय ते नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तुझ्या पंपाला व्हीएफडी असेल, मोटरची गती कमीजास्त करणारा. सेंट्रिफ्यूजच्या तसल्याच ड्राइव्हना त्याने सीमेन्सच्या पीएलसीमधून हुकूम दिले: १४१० हर्ट्झपर्यंत चढव, मग कधीतरी २ हर्ट्झपर्यंत उतरव. आणि हे चालू असताना इंजिनीयरने पीएलसीतला प्रोग्रॅम वाचायला घेतला, तर स्टक्सनेट आपला भाग लपवून त्याला जुनाच प्रोग्रॅम दाखवायचा. त्याच्या एका भागात आधी टिपून ठेवलेली चांगली रीडिंग परत परत पाठवायची सोयही होती. स्क्रीनवर सगळं हिरवं, खाली यंत्र मोडतंय. तेव्हा पोचू शकतो का, तर पोचू शकतो. तुझा पोचलाय असं मात्र वाटत नाही.

म्हणून माझं पहिलं काम अँटिव्हायरस नव्हे. रोज प्रत्येक पाळीत एकदा स्क्रीन सोडून बाहेर जा. टाकीची पट्टी डोळ्यांनी वाच, पंपाच्या डिलिव्हरीचा प्रेशर गेज वाच, क्लोरोस्कोपने नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बघ. ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळायला हवं, ते तुला माहीत असेलच. हे आकडे आणि स्क्रीनवरचे आकडे रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी लिही. फरक पडला तर ट्रान्समीटर बिघडला असेल नाहीतर आणखी काही, पण लोकांच्या पोटात जाण्याआधी तुला कळेल.

दुसरं, सगळे सेटपॉइंट वहीत हाताने उतरवून काढ. डोसिंग पंपाचा स्ट्रोक, पातळीचे कट-इन आणि कट-आउट (पंप कधी चालू, कधी बंद), अलार्मच्या मर्यादा. आणि पीसी बंद ठेवून पॅनेलवरच्या मॅन्युअल बटणांवर प्लांट चालवता येतो का ते एका पाळीत करून बघ, जुन्या माणसांना सोबत घेऊन. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये वीज कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरांच्या डोळ्यांसमोर माउसचा बाण आपोआप फिरून ब्रेकर उघडत गेला. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात. काही तासांत वीज परत आली ती कुठल्या सॉफ्टवेअरने नव्हे. माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनांवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. त्यांना हाताने लावता येत होते, हे महत्त्वाचं. आपल्याकडे नवीन पोरांना सिलेक्टर स्विच 'मॅन्युअल'वर फिरवायचीही भीती वाटते. त्यांचा दोष नाही, कोणी दाखवलंच नाही.

तुमच्या पात्रांवना जेएनपीटीचं उदाहरण सांग. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आला, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मुंबईजवळच्या या बंदराशी त्याचं काही वैर नव्हतं. तरी तिथलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरच्या ट्रकांची रांग लागली. 'आपल्यामागे कोण लागणार' हा प्रश्नच चुकीचा आहे.

वेर्णा_क्यूए:

फिटरकाकांकडून पीएलसीची चावी राहून गेली. काही पीएलसींच्या पुढ्यात छोटी चावी असते: रन, रिमोट, प्रोग्रॅम. 'रन'वर असली की बाहेरून प्रोग्रॅम बदलता येत नाही, बाकी दोन्हींवर येतो. २०१७ मध्ये सौदीतल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर ट्रायटन नावाचा मालवेअर सापडला. तो थेट सेफ्टी कंट्रोलरमध्ये घुसला, म्हणजे गडबड झाली की प्लांट सुरक्षित बंद करतो त्याच यंत्रात. आणि कंट्रोलरची चावी 'प्रोग्रॅम'वर राहिलेली होती. आमच्याकडे फार्मात ऑडिटवाले आता पॅनेल उघडून चावी कुठे आहे ते बघतात.

पासवर्डही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याचं एक बूस्टर स्टेशन हॅकरांनी पकडलं. ते पीएलसी ज्या बनावटीचे, त्यांचा कंपनीकडून येणारा पासवर्ड होता ११११. तिथल्या लोकांनी पंप मॅन्युअलवर घेतला आणि पाणी चालू ठेवलं.

रातपाळी_ऑपरेटर:

काका, ताई, आभार. आज दिवसपाळीला पॅनेल उघडून पाहिलं. चावी 'रिमोट'वर आहे. पीसीवर एनीडेस्कही (दुसरीकडून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) सापडलं, कोणी टाकलं ते कोणालाच माहीत नाही. पीएलसीच्या प्रोग्रॅमची प्रत मागितली तर वेंडर म्हणतो पासवर्ड आहे, देता येत नाही. हे सगळं वर कळवलं तर माझ्यावरच येईल का?

जुना_फिटर_फोंडा:

फोनवर कळवू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. पाळीच्या रजिस्टरमध्ये लिही, तारीख-वेळेसह, कोणावर आरोप न करता: 'पीसीमध्ये पेनड्राइव्हवर शॉर्टकट तयार होत आहेत, एनीडेस्क आढळले, पुढील सूचना द्यावी.' एवढंच. मग ते झाकणं वरच्यांना जड जातं. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असले प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे असतात, आणि ते काम संस्थेचं, ऑपरेटरचं नव्हे. हेही ऑफिसात कोणाच्या तरी कानावर घाल.

एनीडेस्क पात्रांवच्या लेखी परवानगीने काढा. तोवर त्या पीसीला डोंगल किंवा मोबाइल लागणार नाही एवढं बघ. रिपोर्टसाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, तो ऑफिसला जाण्याआधी प्लांटशी संबंध नसलेल्या एखाद्या लॅपटॉपवर तपासायचा. वेंडरलाही तोच नियम, तोंड वाकडं केलं तरी.

प्रोग्रॅमचं म्हणशील तर पासवर्ड त्याचा असू दे, पण प्रत सीलबंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात हवी. पीएलसी जळला आणि वेंडर पुण्याला असला तर गावाला पाणी कोण देणार, असं विचार. एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण येईल तेव्हा ही अट कागदावर घालून घ्यायला सांग, कारण पैसे अडकले की पासवर्ड सापडतात.

आणि चावीला एकट्याने हात लावू नकोस. ती 'रिमोट'वरून 'रन'वर न्यायची आहे. घाईत उलट्या बाजूला गेली तर पीएलसी प्रोग्रॅम मोडमध्ये जाईल आणि पंप जागच्या जागी बंद. वेंडरचा माणूस समोर असताना, वरची टाकी भरलेली असताना, दिवसाउजेडी करा. नंतर चावी काढून पात्रांवच्या ड्रॉवरमध्ये, आणि कोणाकडे आहे ते रजिस्टरमध्ये.