बास पाण्यावर उसळतो, पण गळाला लागत नाही : झटका नेमका केव्हा द्यावा?

दांडियाबाजारकर (बडोदे)

नमस्कार. माझा मुलगा टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी मेअखेरीस आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला पहाटे तळ्यावर नेऊन लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा धरण्यासाठी पाण्यावर तरंगणारी कृत्रिम आमिषे वापरायला दिली. इकडे पादरा गावाजवळ एका मित्राच्या शेतातील तळ्यात मी रबरी बेडकावर मरळ धरलेली असल्यामुळे हा प्रकार आपल्याला नवा नाही, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तीन पहाटांत मिळून सात वेळा मासा आमिषावर आला आणि त्यांपैकी एकच हाती लागला. एकदा तर पॉपरखाली (पाण्यावर "टुप्" असा आवाज काढणारे आमिष) एवढा मोठा आवाज झाला की मी दचकून काठी मागे खेचली आणि ते आमिष दोन्ही तिहेरी गळांसकट माझ्या कानाजवळून मागच्या झुडपात जाऊन अडकले. "बाबा, घाई केलीत," असे मुलगा म्हणाला. घाई झाली हे मलाही कळले होते; पण थांबायचे किती, हे त्यालाही सांगता आले नाही.

या मेअखेरीस पुन्हा जाणे आहे. झटक्याच्या वेळेखेरीज आणखी दोन शंका आहेत. सिगारच्या आकाराचे जे आमिष डावीकडे-उजवीकडे वळत यायला हवे, ते माझ्या हातून सरळ रेषेत ओढले जाते, ते का? आणि सकाळी आठनंतर पाणी अगदी मेल्यासारखे होते, त्याचे कारण काय?

रावपुरा ते ह्यूस्टन

आपल्या सात प्रसंगांपैकी निदान चार तरी कानांनी घालवले असावेत. बास आमिषाला दातांनी पकडत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम उघडतो, त्यामुळे पाण्याचा लोट आत खेचला जातो आणि त्याबरोबर आमिष आत जाते. आवाज होतो तो या क्रियेच्या आरंभी, किंवा मासा नेम चुकून नुसता आदळला तरीही होतो. त्या क्षणी दोरी ताठ असेल तर आमिष आत जायला अडते, आणि झटका दिला तर आपणच ते त्याच्या तोंडासमोरून काढून घेतो. म्हणून सेकंद मोजू नयेत. आवाज ऐकूनही पूर्वीच्याच लयीत आमिष चालवत राहावे आणि दोरीवर माशाचे वजन हाताला जाणवले की मगच काठी उचलावी. नेम चुकलेला मासा पुष्कळदा परत येतो, पण आमिष पाण्यावर असेल तरच. झुडपात अडकलेल्या पॉपरकडे तो कशाला येईल?

पॉपरच्या तिहेरी गळांना वजन जाणवल्यावर काठीचा एक लांब, सलग ओढा पुरतो. पोकळ बेडकाचे दोन गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात आणि रबर दबल्याशिवाय ते उघडे पडत नाहीत, त्यामुळे तिथे मात्र दोरी गुंडाळून घेऊन जोराचा झटकाच द्यावा लागतो. मरळीसाठी आपण तोच देत असाल. ती सवय पॉपरवर चालवू नये.

सिगारसारखे आमिष सरळ येते, कारण आपण ते ओढता. त्याला ओढायचे नसते, टिचकी मारायची असते. काठीचे टोक पाण्याकडे झुकवून ढिल्या दोरीला मनगटाने लहानसा हिसका द्यावा आणि लगेच काठी पुढे नेऊन दोरी पुन्हा ढिली सोडावी. त्या ढिलाईतच आमिषाचे तोंड एका बाजूला वळते आणि पुढचा हिसका त्याला दुसऱ्या बाजूला वळवतो. रिळाने फक्त साठलेली दोरी गोळा करायची. या जातीतील प्रसिद्ध झारा स्पूक हे आमिष १९३९ पासून बाजारात आहे आणि अजूनही ते नीट चालवायला प्रत्येकाला एक-दोन सकाळी वाया घालवाव्याच लागतात.

मुलाने रिळावर कोणती दोरी भरली आहे, तेही पाहावे. फ्लुरोकार्बन पाण्याहून बरेच जड असल्याने बुडते आणि आमिषाचे नाक खाली खेचते. विणलेली, म्हणजे ब्रेडेड, दोरी तरंगते, मात्र ती इतकी मऊ असते की ढिली सोडली की पुढच्या तिहेरी गळाला गुंडाळते. त्यावर उपाय म्हणून तिच्या टोकाला साधारण दीड फूट जाड नायलॉनची दोरी जोडावी. बेडकाला याची गरज नाही.

राजवाडा चौक (इंदूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मरळ धरणाऱ्या माणसाची बासच्या तळ्यावर जी फसगत होते, तेवढीच येथे सांगतो. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे. भर दुपारीसुद्धा ती वर येऊन हवेचा घोट घेते आणि पाण्यावर एक भोवरा उमटवून जाते. आपण त्या भोवऱ्याच्या पुढे बेडूक टाकतो, कारण भोवऱ्याने तिचा ठावठिकाणा कळतो, मग ती भुकेली असो वा नसो. बास असा श्वासासाठी वर येत नाही. तो उसळतो तेव्हा बहुधा भक्ष्याच्या मागे असतो, म्हणून तिथे आमिष ताबडतोब, शक्य तर त्याच मिनिटात पडले पाहिजे. सवयीप्रमाणे भोवऱ्यांची वाट पाहत बसलात, तर सकाळचा मोलाचा तास निघून जाईल.

आमच्याकडे मध्य प्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते, त्यामुळे मी तरंगत्या आमिषाचा सगळा सराव उन्हाळ्यातच उरकतो. एक सूचना करतो : सरावाच्या वेळी गळ काढून ठेवावेत आणि मासेमारीच्या वेळी गॉगल व टोपी घालावी. कान या वेळी वाचला, डोळा वाचेलच असे नाही.

रावपुरा ते ह्यूस्टन

आठनंतरच्या शंकेचे उत्तर राहून गेले होते. बासला पापण्या नसल्यामुळे ऊन सोसत नाही, असे इकडे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण याच माशाला मी कडक उन्हात वीतभर पाण्यात पाहिलेले आहे. अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते, हा त्याचा फायदा ऊन वर आल्यावर संपतो, हे कारण मला अधिक योग्य वाटते. शिवाय वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शॅड नावाचे लहान मासे पहाटे काठच्या दगडांना लागून अंडी घालतात आणि उजाडले की पांगतात. बासही त्यांच्यामागे जातो.

पण सकाळ तिथेच संपत नाही. उथळ पाण्याच्या तळाशी ताटलीएवढे गोल खळगे एकमेकांना लागून दिसले, तर ती ब्लूगिल माशांची घरटी समजावीत. बास अशा जागेच्या खोल बाजूच्या कडेला टपून असतो. तिथे पॉपर टाकून त्याची वलये पूर्ण विरेपर्यंत हलवू नये, मग एकदाच "टुप्" असा आवाज काढून पुन्हा थांबावे. ढगाळ दिवशी, किंवा लाकडी धक्क्यांच्या सावलीत, हे दुपारपर्यंत चालते.

परवान्याचेही पाहून ठेवावे. टेक्सासमध्ये १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यालाही तो लागतो. राज्य उद्यानांच्या हद्दीत आणि जूनच्या पहिल्या शनिवारी लागत नाही. लार्जमाउथ ठेवायचा असल्यास तो सर्वसाधारणपणे किमान १४ इंच असावा लागतो आणि दिवसाला पाचच ठेवता येतात, परंतु काही तलावांचे नियम वेगळे आहेत. डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला मासा सोडूनच द्यावा लागतो.

दांडियाबाजारकर (बडोदे)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी पादऱ्याच्या तळ्यावर गळ काढलेले सिगार-आमिष दीड फूट नायलॉन जोडून चालवून पाहिले. पहिला अर्धा तास ते सरळच येत होते. नंतर लक्षात आले की हिसका दिल्यावर मी काठी पुढे नेतच नव्हतो. ती नेऊ लागल्यावर आमिष सलग नऊ वेळा डावी-उजवीकडे वळले, आणि दहाव्या वेळी खालून एका मरळीने त्याला धडक दिली. मी पुन्हा दचकलो, पण काठी जागची हलवली नाही.