पाच वर्षांच्या मनुष्यबळ आराखड्यासाठी मार्कोव्ह पद्धत पुरेशी आहे का?

प्रश्न
आमच्या संस्थेतील सुमारे ६०० कर्मचारी चार श्रेणींत विभागलेले असून पुढील पाच वर्षांत कोणत्या श्रेणीत किती माणसे लागतील, याचा आराखडा मला करायचा आहे. मागील तीन वर्षांच्या नोंदींनुसार दुसऱ्या श्रेणीतील २०० जणांपैकी दरवर्षी सरासरी ७० टक्के तेथेच राहतात, १२ टक्क्यांना पदोन्नती मिळते आणि १८ टक्के नोकरी सोडतात. मार्कोव्ह पद्धतीत, म्हणजे एका श्रेणीतून दुसरीत जाण्याचे प्रमाण दरवर्षी तेच राहील असे मानून पुढचे आकडे काढतात तसे, हेच प्रमाण पाच वर्षे पुढे चालवलेले चालेल का?

उत्तर १
या टक्केवारीतून माणसे किती उरतील एवढेच कळेल. किती लागतील हे कामाच्या प्रमाणावरूनच काढावे लागेल. समजा, मदतकक्षात तासाला १२० दूरध्वनी येतात आणि प्रत्येकाला ५ मिनिटे लागतात, तर हे १० माणसांचे अखंड काम झाले. मात्र दूरध्वनी ठरावीक अंतराने येत नसल्यामुळे दहाच माणसे नेमली तर रांग वाढतच जाते. किती जास्त माणसे हवीत, हे काढण्यासाठी एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेली सूत्रे कॉल सेंटरमध्ये अजूनही वापरली जातात.

उत्तर २
माझी शंका त्या १२ टक्क्यांबद्दल आहे. वरच्या श्रेणीतील मंजूर पदे ठरलेली असतील, तर पदोन्नती खालच्यांच्या टक्केवारीने होत नाही. वर जागा रिकामी झाली तरच होते. अशा ठिकाणी गणित वरून खाली करावे, म्हणजे आधी वरची रिक्त पदे मोजावीत आणि ती भरल्यावर खाली किती जागा पडतात ते पाहावे. तुमच्याकडे पदे ठरलेली आहेत का?

प्रश्नकर्ता
होय, वरच्या दोन्ही श्रेणींत ठरलेली आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत तर २० जणच आहेत.

उत्तर ३
मग त्या वीस जणांना टक्केवारी लावूच नका. त्यांच्या निवृत्तीच्या तारखा समोर ठेवून एकेका पदाचा विचार करा. दुसऱ्या श्रेणीतही ३६ जण (२०० चे १८ टक्के) नोकरी सोडतील हा केवळ मध्य आहे. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र मानला तरी प्रमाण विचलन (आकडे मध्यापासून साधारण किती दूर जातात त्याचे माप) साधारण ५.४ येते, म्हणजे २५ ते ४७ यांपैकी कोणताही आकडा निघाला तरी नवल नाही. शिवाय नव्याने रुजू झालेल्यांची गळती बहुधा जुन्यांपेक्षा जास्त असते, तेव्हा १८ टक्के हा आकडा सेवाकालानुसार फोडून पाहा. यंदा मोठी भरती झाली, तर पुढच्या वर्षीची गळती केवळ त्यामुळेच वाढलेली दिसेल.