मदत हवी आहे: पापडाच्या तक्रारी आणि भरपाई

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जणी मिळून उडदाचे पापड करतो, तिसरं वर्ष आहे. यंदा श्रावणात एका दुकानात गेलेल्या 40 पाकिटांना बुरशी आली. मी सगळी बदलून दिली आणि गिऱ्हाइकांची माफी मागितली. आता दोघी म्हणतात, दुकानदाराने ओल्या भिंतीला लावून ठेवली, तर भुर्दंड आपल्याला का? त्यांचंही खरं आहे, महिन्याची कमाई त्यात गेली. पण पाकिटावर नाव आमचं आहे, खाणारी बाई दुकानदाराला नाही, आम्हालाच नावं ठेवणार.

लिज्जतचं उदाहरण सतत डोळ्यासमोर येतं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, असे वाळवले! आजही पीठ केंद्रावर एकत्र मळतात आणि भगिनी घरी लाटायला नेतात, म्हणून चव एकसारखी राहते. आमच्याकडे मात्र प्रत्येक जण आपापल्या घरी मळते, मीठ-पापडखार कमीजास्त होतो. हे मला फार खुपतं.

ज्यांचा असा गृहोद्योग आहे त्यांनी कृपया सांगा: खराब माल परत घेताना दुकानदाराशी आधी काय ठरवता? भरपाईसाठी दरमहा पैसे बाजूला काढता का, साधारण किती? आणि पावसाळ्यात पापड पुरेसा वाळलाय हे हाताने मोडून बघण्यापलीकडे कसं ओळखता? रविवारी आमची बैठक आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.