मदत हवी आहे: वरातीच्या घोडीचं पालकत्व धंद्याच्या नावाने कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

लालबागला आमचा लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. मांडव, फुलं, लायटिंग, आणि आत्ताआत्तापर्यंत वरातीची घोडीसुद्धा आम्हीच ठरवून द्यायचो.

गेल्या डिसेंबरात एका हॉलबाहेर वरात संपली आणि घोडीवाल्याने झूल उतरवली. खोगिराखाली पाठीवर तळहाताएवढी जखम, वर हळद फासलेली. बाजूला फटाके फुटत होते, बँजो चालू होता आणि ती मागचा एक पाय टेकवत नव्हती. जरीची झूल आमच्या गोडाऊनमधली होती. ती घडी करताना आतल्या अस्तराला लागलेला पू माझ्या हाताला लागला. त्या दिवसापासून घोडी देणं बंद केलं. काही ऑर्डरी गेल्या, त्याचं दुःख नाही.

२०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया (पर्यटकांच्या घोडागाड्या) बेकायदा ठरवल्या, तेव्हा मुंबईतल्या घोड्यांचे हाल संपले असंच मी धरून चाललो होतो. वरातीच्या घोड्या मात्र आहेत तिथेच आहेत, आणि त्यांना काम पुरवणाऱ्यांत मी होतो.

आता प्रत्येक ऑर्डरमागे पाचशे रुपये बाजूला काढतो. ३१,५०० जमलेत. त्यातून सोडवून आणलेल्या एखाद्या घोडीचं पालकत्व घ्यायचं आहे. घोडी संस्थेकडेच राहील, खर्च आमचा. चाळीत घोडा ठेवता येत नाही हे सांगायला नको.

अडचण खर्चाच्या अंदाजाची आहे. घोडा नीट सांभाळला तर २५-३० वर्षं जगतो. वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा रोज, सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावर बेततं आणि रात्रीबेरात्री डॉक्टर लागतो. एक हंगाम पैसे देऊन फोटो काढून मोकळं व्हायचं नाही मला. बारा वर्षांची घोडी घेतली तर पुढची पंधरा वर्षं माझी जबाबदारी, असं धरूनच विचारतोय.

कुणी असं पालकत्व घेतलं असेल तर सांगा, महिन्याला खरा खर्च किती येतो? संस्थेला भेट दिल्यावर काय बघायचं? मी खूर, दात आणि पाण्याचे हौद बघणार आहे, अजून काय? आणि धंदा मंदीत गेला तर घोडीचं काय, हे करारात कसं लिहून घेतात? परळचं बाई साकरबाई पेटिट हे जनावरांचं जुनं रुग्णालय घरापासून जवळ आहे. तिथेही विचारायला जाणार आहे, पण त्याआधी अनुभवी माणसांचं ऐकायचंय.

ता. क.: सीएंना विचारलं. दानावरची आयकर सवलत (८०जी) फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, दोन हजारांवरचं दान रोख दिलं तर मिळत नाही, आणि चारा किंवा औषधं वस्तुरूपात दिली तरीही नाही. सीएसआरचा (मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचा) नियम आमच्यासारख्या छोट्या धंद्याला लागू नाही. सवलत नाही मिळाली तरी चालेल, गवताचा ट्रक थेट पाठवणं जास्त उपयोगी असेल तर तसंच करू. गवताचं कसं, कोणत्या महिन्यात तुटवडा पडतो, हे माहीत असणाऱ्यांनी नक्की लिहा. फोन नंबर इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करा.