लहान जहाजाचे पैसे नेमके कशाचे?
'लहान आलिशान जहाजातल्या समुद्रसफरीचं भाडं म्हणजे निव्वळ थाटामाटाचे पैसे' हे मत मला अजिबात पटत नाही. खरा फरक पडतो तो जहाज कुठे पोचू शकतं यात. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा (१८९३ साली खुला झालेला) तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद आहे, तिथे अवाढव्य जहाजं शिरूच शकत नाहीत. अंटार्क्टिकात तर ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पर्यटकांचीच मर्यादा आहे. त्यामुळे दोनशे प्रवासी असतील तर पाळ्या लागतात, शंभरच्या आत असतील तर सगळे एकदमच उतरतात. तिथल्या सफरीचं बुकिंग करताना खोलीच्या सजावटीआधी प्रवासीसंख्या विचारा!

लहान जहाजाविरुद्ध सांगितला जाणारा हलण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. लहान जहाज लाटांवर जास्त डुलतं. डुलणं कमी करायला जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, पण साध्या पद्धतीचे पंख जहाज चालू असतानाच नीट काम करतात. नांगर टाकून उभं असताना त्यांचा फारसा उपयोग नाही. मला स्वतःला भर प्रवासापेक्षा नांगरलेल्या रात्रीच जास्त मळमळायचं. ज्यांना त्रास होतो त्यांनी बाल्कनीचा मोह सोडून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली घ्यावी.