दहावी-बारावीनंतर कॉलेजची तयारी: मोबाईल, लॅपटॉप, एनसीसी, नाटक... बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव लिहा

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की पालक दोन प्रश्न घेऊन येतात. पोराला कुठला मोबाईल, कुठला लॅपटॉप घेऊन देऊ? आणि खो-खो, नाटक, एनसीसी हे सगळं आता दोन वर्षं बंद करायला लावू का? आपल्या मुलांची अडचण जरा वेगळी आहे. दहावीपर्यंत सगळं मराठीत, पुढे सायन्स-कॉमर्स इंग्रजीत, ऑफिसातला फॉर्म कन्नडमध्ये. शाळेत धडाधड उत्तरं देणारी पोरं कॉलेजात मागच्या बाकावर गप्प बसलेली कळतात तेव्हा जीव तुटतो. म्हणून विचारते. तुम्ही जे शिकलात, ज्यात भाग घेतलात, त्यातलं खरोखर काय कामाला आलं? गाव आणि शाखा लिहा, नाव नको. 'सगळं थोडं थोडं करावं' एवढंच लिहू नका; काय केलं, कसं केलं ते सांगा.

येळ्ळूर, मेकॅनिकल, तिसरं वर्ष

मॅडम, इंजिनिअरिंगला येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. व्हीटीयूची, म्हणजे इथल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची, डिग्री मिळायला परीक्षा पास होणं पुरत नाही, १०० अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट लागतात, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या समाजोपयोगी कामांचे गुण. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना ७५. ते सीजीपीएमध्ये धरत नाहीत, पण पुरे झाल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. बरीच मुलं शेवटच्या वर्षी धावाधाव करतात आणि मग कुणाच्या तरी वृक्षारोपणाच्या फोटोत जाऊन उभी राहतात. मी पहिल्या वर्षीच गावातल्या विहिरींचं काम घेतलं. आमच्या बासमतीच्या शेताकडच्या विहिरीपासून सुरुवात केली. प्रत्येक विहिरीचं लोकेशन मोबाईलवर घ्यायचं, दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, मालकाला विचारून कुठल्या महिन्यात आटते ते लिहायचं. सगळं स्प्रेडशीटमध्ये भरलं. पंचायतीच्या एका सदस्यांनी तो तक्ता मागून घेतला. इंटर्नशिपच्या मुलाखतीत साहेबांनी मार्क बाजूला ठेवले आणि विहिरींचंच विचारत बसले. त्या दिवशी माझं इंग्रजी अडलं नाही, कारण सांगण्यासारखं काहीतरी माझ्याजवळ होतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर पहिल्या सेमिस्टरसाठी कर्ज काढू नका. प्रोग्रॅमिंगची लॅब कॉलेजात असते. आपल्या शाखेला काय सॉफ्टवेअर लागतं ते सीनियरला विचारा, मग घ्या. कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग) करायचं असेल तर १६ जीबी रॅम बघा. नाहीतर ८ जीबी आणि एसएसडी बास झालं.

खानापूर, पालक

माझी मुलगी बेळगावला पीयूसीला (अकरावी-बारावीला) जाते. खो-खो चांगली खेळते. २०२३ पासून कर्नाटकात महिलांसाठीच्या शक्ती योजनेत तिला सरकारी बसच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत, हा मोठा आधार आहे. अडचण वेळेची. सराव संध्याकाळी, आणि तो संपेपर्यंत आमच्या वाडीकडची बस निघून गेलेली असते. मोबाईल, लॅपटॉप कसाही जमवू. पण बस चुकली तर पोर स्टँडवर एकटी. असं कुणाच्या घरी झालं आहे का?

बेळगाव, शारीरिक शिक्षण शिक्षक

ताई, तुम्ही एकट्या नाही. माझ्या कॉलेजात खानापूरच्या आणि सांब्राकडच्या मुलींसाठी मी सराव सकाळी पहिल्या तासाच्या आधी घेतो. मुलगी एकटी जाऊन विचारायला लाजते. तुम्ही दोन-तीन पालक मिळून प्राचार्यांना भेटा आणि बसचं वेळापत्रकच पुढ्यात ठेवा. सर नाही म्हणतील असं मला वाटत नाही, आधी कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

कणकुंबी, बी.एस्सी.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते आणि रेंज टेकडीवर चढलं तरच येते. त्यामुळे ऑनलाईन कोर्स वगैरे माझ्या वाटणीला आलंच नाही. मला जे मिळालं ते आयनॅचरलिस्ट नावाचं अ‍ॅप. एका मॅडमनी प्रॅक्टिकलच्या तासाला दाखवलं होतं. झाडाचा, किड्याचा, बेडकाचा फोटो काढायचा आणि टाकायचा, मग जगातली जाणकार माणसं ओळख सांगतात. त्यांचं एकमत झालं की ती नोंद पक्की धरतात आणि संशोधक ती वापरू शकतात. रेंज नसली तरी फोटो काढता येतात. जीपीएस सुरू असलं की तारीख आणि जागा फोटोबरोबरच राहते, खानापूरला आले की मी सगळे एकदम चढवते.

भीमगड अभयारण्य आमच्या उशाला. २०११ साली ते जाहीर झालं. तिथल्या बारापेडेच्या गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, ते फार थोड्या ठिकाणी सापडतं. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि मला जावंही लागलं नाही, परसातलंच संपत नाही. पाऊस लागला की आमच्या टाकीवर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. लहानपणापासून बघत होते, काठीने पाडतही होतो आम्ही पोरं. गेल्या पावसात रोज त्याचे फोटो काढले. काही दिवसांनी फेस खालून पातळ झाला, ओघळायला लागला, आणि त्यातून शेपटीवाली बारीक पिल्लं टपटप पाण्यात पडली. ऱ्हॅकोफोरस मलबारिकस, पश्चिम घाटातला हिरवा उडता बेडूक. एका बाहेरच्या अभ्यासकाने खाली इंग्रजीत विचारलं: पाणी किती खोल आहे, फेस कुठल्या झाडाला आहे? उत्तर लिहायला मी अख्खी संध्याकाळ घेतली, डिक्शनरी उघडून. पुढच्या सेमिनारला मला विषय शोधायला लागला नाही. फेसाचा फोटो दाखवला आणि बोलत सुटले.

मर्लिन नावाचं पक्ष्यांचं अ‍ॅपही घ्या. पक्ष्यांचा पॅक एकदा डाउनलोड केला की रेंजशिवाय चालतं. पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कोण, ते त्यानेच सांगितलं: शीळकरी कस्तूर.

निपाणी, बी.कॉम.

निपाणीला लागूनच अर्जुननगर. तिथलं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात. आमच्याकडे हे काही नवल नाही, पण कागदपत्रांत ते रोज आडवं येतं. म्हणून माझ्या मते कॉलेजला जाण्याआधी शिकायची पहिली गोष्ट म्हणजे आपली कागदपत्रं मोबाईलवर नीट ठेवणं. डिजिलॉकर उघडा. मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सरळ, सावली न पडता स्कॅन करा. पीडीएफ हव्या त्या केबीत बसवायला शिका. नाव आधारवर एक आणि एसएसएलसीवर एक असेल तर सुट्टीतच दुरुस्त करून घ्या, ऐन प्रवेशात ते होत नाही.

आणखी एक, जे बऱ्याच घरांत माहीत नसतं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय) प्रवेशात 'टाइप ई' म्हणून वेगळा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी. एमएचटी-सीईटी द्यावी लागते, आणि सीमाभागातले असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. शाळेकडे आधीच मागून ठेवा.

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही काही पोरं टेबल मांडून नव्या मुलांचे फॉर्म भरून देतो. बॅनर नाही, सर्टिफिकेट नाही. पण तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक मावशी मुलीचा फॉर्म घेऊन समोर बसली आणि 'बाळा, हे काय विचारलंय?' म्हणाली की प्रत्येक रकाना आपल्याला स्वतःला आधी समजावा लागतो. वक्तृत्व स्पर्धेत मी भाषणं पाठ करून म्हणायचो. बोलायला मी या टेबलावर शिकलो.

उद्यमबाग, मशीन शॉप चालवतो

पालकांनो, तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर कोर्सच्या सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी विचार करा. माझ्याकडे येणाऱ्या पोराला मी ड्रॉइंग देतो आणि बारीक माप घ्यायचं व्हर्नियर देतो. मोजता आलं, वाचता आलं की बाकीचं मी शिकवतो. जीटीटीसीतून (सरकारी टूल रूम प्रशिक्षण केंद्रातून) आलेल्या मुलांचा हात तयार असतो. दहावीनंतर सगळ्यांनी सायन्सच घ्यायला पाहिजे असं काही नाही. बेळगावात फाउंड्री आहेत, सीएनसी आहे, काम आहे.

वडगाव, बी.ए.

आमच्या घरात माग. सकाळपासून खटखट, तिच्यातच अभ्यास. कॉलेजात एकांकिका बसत होती, मला पाठांतर जमत नाही म्हणून ध्वनी-प्रकाशाकडे टाकलं. नाटक विणकराच्या घरातलं होतं, आणि ठरलेला आवाज यूट्यूबवरून घेतलेला, कुठल्यातरी कारखान्याचा. मी म्हटलं, हा आमचा माग नाही. घरी जाऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं. धोटा इकडून तिकडे जातो तो आवाज वेगळा, फणी आपटते तो वेगळा. सूत तुटलं की बाबा माग थांबवतात, आणि शेवटचा एक ठोका अर्धवट येतो. तो अर्धा ठोका मला पाहिजे होता. ऑडॅसिटी फुकट आहे. त्यात पंख्याची घरघर काढायला शिकलो, फेड-इन, फेड-आउट शिकलो. प्रयोगात नायिका वळते आणि तो अर्धा ठोका येतो, तेव्हा हॉल एकदम शांत झाला. बाबा मागच्या रांगेत होते.

त्या नाटकात नेपथ्य करणारा मित्र कन्नड माध्यमाचा. खिळे ठोकता ठोकता त्याने मला कन्नड शिकवलं, मी त्याला मराठी. 'काय करालास?' ला त्याच्याकडे 'एन माडाकत्ती?' आता बँकेत, नाडकचेरीत (दाखले मिळतात त्या सरकारी कचेरीत) मी बिनधास्त बोलतो. आज लोकांचे पॉडकास्ट एडिट करून माझी फी निघते, तो भाग आहेच. पण कन्नड आली ती मला जास्त मोलाची वाटते.

चिकोडी, कॉम्प्युटरचा प्राध्यापक

वर बरंच चांगलं आलं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. घरी जुना लॅपटॉप रडतखडत चालत असेल तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून बघा आणि विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाका. लिब्रेऑफिसवर बी.कॉम., बी.ए.चं सगळं काम होतं.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मी दरवर्षी सांगतो. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन यांचे छोटे व्हिडिओ, आणि त्यातले कितीतरी मराठीत आणि कन्नडमध्येही. आधी मराठीत बघा, मग तोच धडा इंग्रजीत लावा. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे इंग्रजीची धास्ती जाते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाईन मंचाचे कोर्स शिकायला फुकट आहेत, फी फक्त परीक्षेला. २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. पहिल्या वर्षी एकच घ्या आणि तो पुरा करा.

टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर शिका ही माझी कळकळीची विनंती. मराठी 'क' ज्या कळीवर, कन्नड 'क' त्याच कळीवर. एकदा बोटं बसली की लिपी बदलायची, बोटं तीच. आपल्या भागातल्या मुलासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

एआयबद्दल मुलं विचारतात. मी म्हणतो, न समजलेला परिच्छेद त्याला द्या आणि मराठीत समजावून सांगायला लावा, पुस्तकाशी ताडून बघा. असाइनमेंट त्याच्याकडून लिहून आणलेली मला पहिल्या प्रश्नातच कळते. आणि त्यात त्या मुलाचंच वर्ष वाया जातं, याचं मला वाईट वाटतं.

कंग्राळी, एनसीसी झालेली, आता नोकरीत

एनसीसीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कॉलेजात दुसऱ्या वर्षी 'बी' सर्टिफिकेट, तिसऱ्या वर्षी 'सी'. 'सी'ला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. अर्ज निवडला गेला की थेट एसएसबी, म्हणजे लष्करी अधिकारी निवडायची मुलाखत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात, घराघरातून कुणीतरी फौजेत. तरी ही वाट मुलींना कुणी सांगत नाही. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) वेगळं, तिथे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. दोन्ही चांगले, पण एकच धरा. सेकंड पीयूसीच्या वर्षी सीईटी असेल तर शिबिरांच्या तारखा आधी बघून घ्या.

हिंडलगा, पालक

आक्का, माझी मुलगी यंदा डिग्रीला जाईल. नाव कधी घालायचं? उंची कमी आहे तिची.

कंग्राळी, एनसीसी झालेली, आता नोकरीत

कॉलेज सुरू झाल्या झाल्या नोटीस लागते काका, जागा थोड्या असतात. त्याच आठवड्यात एनसीसीच्या सरांना किंवा मॅडमना भेटायला सांगा. आमच्या वेळी निवडीला पळायला लावलं होतं, म्हणून आत्तापासून सकाळी पळू दे. उंचीचं तिथेच विचारा, घरी बसून ठरवू नका.